कांदा, ओला टॉवेल आणि शेजारचा ब्रूनो

मागच्या आठवड्यात दुपारी तीनच्या सुमारास आईने पाण्याची बादली उचलली, मागच्या दारापर्यंत गेली आणि परत आली. बादली खाली ठेवून तिने मोबाइल माझ्यापुढे धरला. "यात लिहिलंय, तापलेल्या कुत्र्यावर थंड पाणी टाकलं का तो झटक्यानं मरते."

भिंतीपलीकडे ब्रूनो धापत होता. ब्रूनो म्हणजे शेजारच्या दादा-वहिनींचा लॅब्राडोर. दोघंही नोकरीला, साडेनऊला निघतात ते संध्याकाळी सातला येतात. गेल्या उन्हाळ्यापर्यंत तो दिवसभर हॉलमध्ये असायचा. यंदा त्याने नवा सोफा फाडला, तेव्हापासून मुक्काम मागच्या गॅलरीत. गॅलरी पश्चिमेला, वर फायबरचा पत्रा, पुढे ग्रिल, खाली टाइल्स. नागपुरातला मे महिना, पारा ४४ वर. दोन वाजले की ऊन थेट आत येतं. त्याचं स्टीलचं भांडं ग्रिलला लागूनच असतं. आईने आमच्या अंगणातून हात घालून त्यातलं पाणी पाहिलं होतं. अंघोळीला काढावं तितकं गरम. म्हणून तर ती बादली घेऊन निघाली होती.

आणि तिला थांबवलं एका फॉरवर्डने. मथळा, "उन्हाळ्यात श्वानांची काळजी: पशुवैद्यांचा महत्त्वाचा संदेश". कुठले पशुवैद्य, ते नाही. सात मुद्दे आणि शेवटी हात जोडलेले तीन इमोजी. कॉलनीच्या ग्रुपवर आला, मावशीच्या भजनी मंडळात फिरला, तिथून आईकडे. थोडक्यात त्यात असं आहे: कुत्र्यांना उन्हाची सवय असते, रस्त्यावरची बघा; घरी एकटं ठेवताना पंखा लावला की पुरे; तापलेल्या कुत्र्यावर थंड पाणी ओतू नका, ओला टॉवेल गुंडाळा; लू लागू नये म्हणून दही-कांदा खाऊ घाला; अंगावरचे केस सफाचट करा; बर्फाचं पाणी प्यायला दिलं तर पोटाला पीळ पडून मरतो; आणि शेजाऱ्यांनी यात नाक खुपसू नये, कायद्यात तसं काही नाही, उलट तुमच्यावरच केस होईल.

क्रमाने जाणार नाही. ज्या मुद्द्याने आईच्या हातातली बादली खाली ठेवायला लावली, तो आधी.

थंड पाणी आणि झटका. ही समजूत फार जुनी आहे आणि काही जुन्या पुस्तकांतही सापडते. तर्क असा की थंड पाण्याने कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि उष्णता आतच कोंडते. ऐकायला पटतं. पण मोजायला गेलं की पटत नाही, कारण रक्तवाहिन्या थोड्या आकसल्या तरी पाणी अंगातली उष्णता झपाट्याने ओढून घेतच असतं. इंग्लंडमधल्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेज आणि नॉटिंगहॅम ट्रेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी तिथल्या दवाखान्यांच्या लाखो नोंदी चाळून उष्माघातावर एकामागून एक अभ्यास केलेत. २०२० साली आलेल्या अभ्यासात २०१६ या एका वर्षातल्या नऊ लाखांहून जास्त कुत्र्यांच्या नोंदी होत्या. उष्माघाताच्या ३९५ नक्की झालेल्या केसेस निघाल्या आणि त्यांतला साधारण सातातला एक कुत्रा दगावला. पुढे २०२३ मध्ये त्यांनी पाहिलं की अशा कुत्र्यांना थंड करतात तरी कसं. ज्यांच्या बाबतीत उपायाची नोंद होती, त्यांतल्या जेमतेम चौथ्या हिश्श्याला योग्य पद्धत मिळाली होती, म्हणजे पाण्यात बसवणं किंवा अंग भिजवून वारा घालणं. निम्म्यांहून जास्त जणांना काय केलं होतं? ओला टॉवेल गुंडाळला होता. आपल्या फॉरवर्डमधला तोच टॉवेल. आणि दवाखान्यात नेण्याआधी घरीच थंड केलेले कुत्रे होते पाचातला एक.

ओला टॉवेल वाईट का, ते आईला असं सांगितलं: माठाला ओलं फडकं गुंडाळलं की पाणी गार होतं, कारण त्या फडक्याला वारा लागतो आणि ते वाळत राहतं. केसाळ तापलेल्या अंगाला जाड टॉवेल गुंडाळला की पाचेक मिनिटांत तो अंगाइतकाच गरम होतो, वर वाराही अडवतो. म्हणजे भर उन्हात ओली गोधडी पांघरली. तेव्हा आधी पाणी, मग दवाखाना. कुत्रा तरुण आणि धडधाकट असेल तर टबात बसवा, डोकं पाण्याबाहेर राहू द्या. म्हातारा किंवा आजारी असेल तर अंगावर पाणी ओतत राहा आणि पंख्यासमोर ठेवा. पाणी बर्फाळच हवं असं नाही, कुत्र्याच्या अंगापेक्षा गार असलं म्हणजे झालं.

पण इथे आपली एक भानगड आहे, जी इंग्लंडच्या लोकांना सुचणार नाही. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८.३ ते ३९.२ अंश असतं, आणि ४१ च्या वर गेलं की जिवावर बेततं. आता मे महिन्यात दुपारी तीनला गच्चीवरच्या काळ्या टाकीचा नळ सोडून पाहा. ते पाणी हाताला पोळतं, कुत्र्याला काय थंड करणार? म्हणून नळाला नळी लावून मोकळं होऊ नका. आधी हात घालून बघा. माठातलं, बोअरचं, फ्रिजमधल्या बाटल्यांचं, जे गार असेल ते घ्या.

आता कांदा. याच्यावर मला हसावं की चिडावं कळत नाही. शाळेत असताना आई माझ्या दप्तरात कांदा टाकायची, लू लागू नये म्हणून. विदर्भात वाढलेल्या कुणालाही हे नवीन नाही आणि त्याने माझं काही बिघडलंही नाही. पण कुत्र्याच्या बाबतीत कांदा हे सरळ सरळ विष आहे. कांद्यातल्या गंधकयुक्त द्रव्यांमुळे कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात. वजनाच्या दर किलोमागे १५ ते ३० ग्रॅम कच्चा कांदा गेला की रक्तात फरक दिसायला लागतो. हिशोब करा, सात किलोच्या पगला शंभरेक ग्रॅम, म्हणजे एक मोठा कांदा. शिजवला, तळला, वाळवून पूड केली तरी तेच. आणि वाईट म्हणजे परिणाम लगेच दिसत नाही. दोन-चार दिवसांनी कुत्रा मलूल होतो, हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी लालसर-तपकिरी होते. तोवर आपण दही-कांदा विसरलेलो असतो आणि म्हणतो, "उन्हानंच केलं." नुसतं दही द्या, साधं ताक द्या, कुणाची ना नाही. कांदा तुमच्या झुणका-भाकरीसोबत राहू द्या.

केस कापण्याचं थोडक्यात. लॅब्राडोरसारख्या दुहेरी केसांच्या कुत्र्याला टक्कल केलं की ऊन थेट कातडीवर येतं. गुंता झालेले, झडणारे केस विंचरून काढा, तेवढं पुरे. बर्फाच्या पाण्याचा पीळ हीसुद्धा नुसती घाबरवणूक. घटाघटा खूप पाणी पिऊ देऊ नये, थोडं थोडं द्यावं, इतकंच त्यात खरं.

पंखा मात्र समजून घेण्यासारखा आहे, कारण हा मुद्दा चांगले, कुत्र्यावर जीव असलेले लोकही मानतात. आपल्याला पंख्याने गार वाटतं ते घाम वाळतो म्हणून. कुत्र्याला घाम येतो तो फक्त पंजांच्या गाद्यांना, तोही नावापुरता. त्याची सगळी भिस्त धापण्यावर. जीभ, नाक आणि श्वासनलिकेतला ओलावा हवेत उडवून तो थंड होतो. म्हणून पग, बुलडॉग असली चपट्या नाकाची कुत्री उन्हात सगळ्यात आधी कोसळतात, त्यांच्या नाकात जागाच नसते. कोरड्या केसांवर पंखा फिरून फारसा उपयोग नाही. आणि हवाच ४३-४४ अंशांची, म्हणजे त्याच्या अंगाहून गरम असली, तर पंखा भट्टीला भाता लावल्यासारखा. कूलरचं मी मान्य करते. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात कूलर खरंच काम करतो, मुंबईच्या दमट हवेत करणार नाही तितकं. पण टाकी भरलेली हवी, लाइट हवी. दुपारी दीड तास लाइट गेली तर बंद खोलीत कूलर म्हणजे लोखंडी डबा. घरी माणूस असेल तर खिडकी उघडतो. कुत्र्याला ते जमत नाही.

राहिला सवयीचा मुद्दा. इथे मला थोडं मागे सरावं लागेल. अंगाला उन्हाची सवय होते हे खरं आहे, काही आठवड्यांत होते, माणसाला आणि कुत्र्यालाही. त्याच इंग्रजी अभ्यासांत उष्माघाताच्या सुमारे तीन चतुर्थांश केसेस व्यायामाने, पळण्या-खेळण्याने झालेल्या निघाल्या. नुसत्या गरम जागेने झालेल्या त्याहून बऱ्याच कमी. हेही लपवायचं कारण नाही. मात्र त्यांचा उन्हाळा तो काय! तीस अंश झाले की तिथे बातमी होते. आपल्याकडे मे महिन्यात रात्री दहाला तीस झाले तर लोक खुर्च्या टाकून अंगणात बसतात.

आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांचा दाखला तर उलटाच पडतो. आमच्या गल्लीत एक तांबूस कुत्री आहे. सकाळी ती शाळेच्या भिंतीच्या सावलीला असते. सावली सरकली की उठून कडुनिंबाखाली. बारानंतर कोपऱ्यावरच्या पाणपोईच्या मागे, जिथे माठ पाझरून माती ओली राहते, तिथे तिने पंजांनी खड्डा उकरलाय आणि पोट टेकवून त्यात पडून असते. चारला उभ्या गाडीखाली. दिवसात चार जागा. उन्हाची सवय आहे म्हणून ती जगते, पण त्याहून जास्त जगते ती जागा बदलता येते म्हणून. ब्रूनोला आठ बाय चारची गॅलरी आहे आणि दोननंतर तिच्यात सावलीचा कोपरा उरत नाही. त्यात ही जात मुळात कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या गार समुद्रात जाळी ओढणाऱ्या कुत्र्यांपासून आलेली. रात्री एसीत झोपणाऱ्या अशा कुत्र्याला दिवसा पत्र्याखाली ठेवायचं आणि म्हणायचं, सवय होईल.

शेवटचा मुद्दा, नाक खुपसू नका, कायदाच नाही. आहे. प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६०. कलम ११ मध्ये पुरेसं अन्न, पाणी, निवारा न देणं आणि नेहमी बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला फिरवण्याकडे दुर्लक्ष करणं, दोन्ही गुन्ह्यांत धरलंय. ७ मे २०१४ च्या नागराजा खटल्याच्या निकालात, म्हणजे जल्लीकट्टूवाल्या, सर्वोच्च न्यायालयाने प्राण्यांची पाच स्वातंत्र्यं सांगितली, त्यांत उष्णतेच्या त्रासापासून मुक्ती हेही येतं. हां, पहिल्या गुन्ह्याला दंड किती? दहा ते पन्नास रुपये. १९६० चा आकडा तसाच. तर्री-पोह्याची प्लेट बरी. तेव्हा कायद्याचा धाक दाखवून कुणी सुधारेल या भ्रमात मी नाही. आणि कुलूप तोडून किंवा भिंत चढून दुसऱ्याच्या घरात शिरलात तर केस तुमच्यावर होऊ शकते, इतकं त्या फॉरवर्डवाल्याचं बरोबर. पण बोलायला, फोन करायला, भिंतीवरून पाणी द्यायला कुणी अडवलेलं नाही. तोंडातून घट्ट लाळ, हिरड्या लालभडक, चालताना झोकांड्या, ओकारी, असं दिसलं तर "बरं दिसतं का सांगणं" हा विचार करत बसू नका.

त्या दुपारी आईने माठातलं पाणी घेतलं आणि तांब्याने ग्रिलमधून ब्रूनोच्या मानेवर, पोटावर ओतलं. तो उठून ग्रिलला टेकला आणि पाणी पडेल तिकडे अंग वळवत राहिला. झटका-बिटका काही नाही. संध्याकाळी मी वहिनींकडे गेले. रागावले नव्हते, म्हणजे रागावले होते, पण चहा घेतल्यावर तो राग काढता येत नाही. गॅलरीत दुपारी किती ऊन येतं हे त्यांनी पाहिलंच नव्हतं. कसं पाहतील? उन्हं असतात तेव्हा त्या ऑफिसात. आईने काढलेला तीन वाजताचा फोटो दाखवला. वहिनी बराच वेळ फोटोकडे बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "सोफ्याचं काय करू पण?" सोफ्यावर जुनी सतरंजी आली आणि घराची एक किल्ली आमच्या खिळ्यावर.

आता आई एक वाजता जाते, भांड्यातलं पाणी बदलते, कूलरची टाकी भरते. काल परत आली ती हसतच. "एवढा कूलर लावून ठेवला हॉलमध्ये, अन् तो काहून तिथं बसून राह्यते? बाथरूमात मोरीपाशी ओल्या फरशीवर पोट टेकवून झोपला होता."