किटी मॅरियन नावाची नटी

आठ मार्च जवळ आला की ब्रिटनमधल्या बायकांच्या मताधिकाराच्या लढ्याचे तेच चार-पाच फोटो सगळीकडे फिरतात. एमेलिन पँकहर्स्टना पोलिसाने उचलून धरलंय तो, डर्बीच्या शर्यतीत राजाच्या घोड्याखाली आलेल्या एमिली डेव्हिसनचा तो. या बायकांबद्दल मला आदर आहेच. पण माझी तीस वर्षं नाटकात गेली आणि त्या सगळ्या जणींत मला आपली वाटते ती एक नटी. तिचं नाव किटी मॅरियन. तिचा फोटो कोणी टाकत नाही, आणि याचं मला दरवर्षी वाईट वाटतं.

तिचं मूळ नाव कॅथरिना शेफर, जन्म १८७१ चा, जर्मनीतल्या वेस्टफालियाचा. आई लहानपणीच गेली, वडील मारकुटे. पंधराव्या वर्षी ती इंग्लंडला नातेवाइकांकडे आली, तिथे भाषा शिकली आणि पुढे पँटोमाइममध्ये (म्हणजे तिकडच्या नाच-गाण्यांच्या विनोदी नाटकांत), म्युझिक हॉलमध्ये (म्हणजे गाणी-नकलांच्या करमणुकीच्या थिएटरांत) नाचत-गात गावोगाव फिरू लागली. आज या गावात प्रयोग, उद्या त्या गावात, भाड्याच्या खोल्या, आणि पुढचं काम मिळवायला पुन्हा एजंटच्या दारात. असाच एक एजंट ऑफिसात तिच्या अंगचटीला आला. तिने त्याला झिडकारलं. मग तिच्या ध्यानात आलं की हे एकटीच्याच वाट्याला आलेलं नाही. नाही म्हणणारीचं काम जातं, आणि हो म्हणणारीला नटी म्हणजे तसलीच म्हणून लोक नावं ठेवतात.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आमच्या ग्रुपमधली एक मुलगी आठवली. एका निर्मात्याने तिला भूमिकेसाठी म्हणून रात्री एकटीलाच वाचनाला बोलावलं होतं. ती गेली नाही. चार दिवसांनी ती तालमीला आली तर तिचे संवाद दुसरीच मुलगी म्हणत होती. कोणी काही बोललं नाही. मी विंगेत बसून कपड्यांना इस्त्री करत होते, ती करतच राहिले. ती मुलगी तिची पिशवी उचलून निघून गेली. त्या पिशवीचा रंगसुद्धा मला अजून आठवतो.

किटी गप्प बसली नाही. १९०८ मध्ये ती पँकहर्स्टबाईंच्या संघटनेत गेली. त्याच वर्षाच्या अखेरीस लंडनमधल्या नट्यांनी मताधिकारासाठी स्वतःची लीग काढली होती, तिचीही ती सभासद झाली. मताचा आणि एजंटच्या चाळ्यांचा काय संबंध, असं कोणी विचारेल. तिच्या दृष्टीने संबंध सरळ होता. जिच्या शब्दाला कायद्यापुढे किंमत नाही, तिच्या नकाराला ऑफिसात कोण किंमत देणार?

संघटनेचं वर्तमानपत्र रस्त्यात उभं राहून विकायचं काम तिने घेतलं. पहिल्या दिवशी पिकॅडिली सर्कसला फुलवाल्या बायकांच्या शेजारी ती उभी राहिली. येणाऱ्या-जाणाऱ्याची प्रत्येक नजर सुरीसारखी आरपार जात होती आणि धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटत होतं, असं तिने लिहून ठेवलंय. वर्षानुवर्षं हजारो डोळ्यांसमोर नाचलेली बाई! पण रंगभूमीवर अंगावर वेश असतो, चेहऱ्यावर रंग असतो. फुटपाथवर तुम्ही तुम्हीच असता. जिने कधी चौकात पत्रकं वाटली असतील तिला हे सांगायला नको.

पुढचा भाग अवघड आहे, पण तो मी गाळणार नाही. तिने खिडक्या फोडल्या, आगी लावल्या. जून १९१३ मध्ये, एमिली डेव्हिसन गेली त्याच सुमारास, तिने एका मैत्रिणीबरोबर रात्री हर्स्ट पार्क रेसकोर्सचा स्टँड पेटवून दिला. तीन वर्षांची शिक्षा झाली. तुरुंगात ती उपोषणाला बसली की तिला जबरदस्तीने अन्न देत. बायका हातपाय दाबून धरायच्या, डॉक्टर रबरी नळी नाकातून किंवा घशातून पोटापर्यंत सारायचा आणि वरून पातळ अन्न ओतायचा. अर्धंअधिक उलटून पडायचं. असं तिच्या बाबतीत २३२ वेळा झालं. जिचं पोट गळ्यावर चालायचं त्या बाईच्या गळ्यातून नळी, २३२ वेळा! मला आगी लावणं पटत नाही, आजही पटत नाही. पण आगीचं सांगायचं आणि या नळीचं सांगायचं नाही, हे त्याहून पटत नाही.

महायुद्ध सुरू झालं आणि जर्मनीत जन्मल्यामुळे तिच्यावर संशय घेतला जाऊ लागला. ज्या देशातल्या बायकांच्या मतासाठी तिने हे सोसलं तो देश तिला सोडावा लागला. १९१५ मध्ये ती अमेरिकेला गेली. न्यूयॉर्कमध्ये संततिनियमनाचा प्रचार करणाऱ्या मार्गारेट सँगरचं मासिक हातात धरून ती पुन्हा रस्त्यात उभी राहिली आणि सुमारे तेरा वर्षं उभी होती. टाइम्स स्क्वेअर, ब्रॉडवे. आत नाटकं चालू, आणि ही बाहेर फुटपाथवर. शिव्या खाल्ल्या, अटका झाल्या. याच सँगरबाई १९३५ च्या डिसेंबरात वर्ध्याला येऊन गांधीजींशी वाद घालून गेल्या. आपल्याकडे र. धों. कर्वे १९२१ पासून हेच काम करत होते आणि त्यापायी कोर्टाच्या पायऱ्या चढत होते. मला वाटतं, किटीचा फोटो फिरत नाही त्याचं कारण इथेच आहे. मतासाठी लढलेली बाई आपल्याला चालते. नटी, त्यात आगी लावणारी, त्यात चौकात उभं राहून मूल होऊ न देण्याबद्दल बोलणारी, म्हटलं की आपण अंग चोरतो. तिचं आत्मचरित्र तिच्या हयातीत छापलं गेलं नाही. १९४४ मध्ये ती न्यूयॉर्कमध्ये वारली. पुस्तक आलं २०१९ मध्ये.

१९१८ मध्ये ब्रिटनमध्ये तिशीपुढच्या काही बायकांना पहिल्यांदा मत मिळालं. त्याच वर्षी किटी न्यूयॉर्कच्या टूम्ब्स तुरुंगात होती, संततिनियमनाचं एक पत्रक एका माणसाला दिलं म्हणून. भारतीय क्रांतिकारकांना मदत केल्याच्या आरोपावरून पकडलेली अमेरिकन लेखिका ॲग्नेस स्मेडलीही तिथेच होती, आणि तिने किटीबद्दल लिहून ठेवलंय. रोज सकाळी किटी फरशी घासायची बादली घेऊन दगडी बोळातून खडखडाट करत यायची आणि संततिनियमनाचा जयजयकार करायची. कोठड्यांमधून कैदी बायका, आणि त्यांच्यावर पहारा करणाऱ्या बायकासुद्धा, तोच जयजयकार तिला परत ऐकवायच्या.