कॅमेरा कोणाच्या खांद्यावर होता?

माहितीपटाचा खेळ संपतो, चर्चा सुरू होते आणि सगळे प्रश्न दिग्दर्शकाकडे जातात. विषय कसा सुचला, पैसे कुठून उभे केले, त्रास झाला का. कॅमेरा ज्याच्या खांद्यावर होता तो बहुतेक वेळा तिथे नसतोच. असला तर फार फार तर कॅमेरा कोणता वापरला, एवढंच त्याला विचारतात. मी स्वतः हेच काम करतो आणि मला हे मनापासून खटकतं. राजकीय-सामाजिक माहितीपटात निम्मी भूमिका शूटच्या जागी ठरून गेलेली असते, आणि ती ठरवणारा बहुधा छायालेखक असतो.

कथापटात शॉट आधी ठरतो, चुकला तर परत घेता येतो. मोर्च्यावर लाठीमार सुरू झाल्यावर कोण कोणाला सूचना देणार? अशा वेळी कॅमेरावाला पोलिसांच्या रांगेमागे उभा राहिला, तर पडद्यावर चाल करून येणारा जमाव दिसतो. तो मोर्च्यात उभा राहिला, तर ढालींची भिंत दिसते. दोन्ही खरंच घडलेलं असतं. पण एकदा घेतलेली जागा एडिटला बसून बदलता येत नाही. उंचीचंही तसंच. जमिनीवर बसलेल्या माणसाला उभ्याने शूट केलं की तो आपोआप दीनवाणा दिसतो. त्याच्यासमोर खाली बसलात तर तो तुमच्याशी बोलणारा माणूस दिसतो. लेन्सच्या बाबतीत तर मी हट्टीच आहे. रस्त्यापलीकडून टेली, म्हणजे दूरचं जवळ ओढणारी लेन्स, लावून रडणाऱ्या बाईचा चेहरा ओढून घेता येतो, तिला पत्ताही लागत नाही. वाइड, म्हणजे जास्त रुंद भाग टिपणारी लेन्स, लावली तर जवळ जावं लागतं. तिला तुम्ही दिसता आणि तुम्हाला हाकलून द्यायची सोय तिच्याकडे राहते. ती सोय तिच्याकडे राहिलीच पाहिजे.

या कामाची ताकद बघायची असेल तर चिलीचा दिग्दर्शक पात्रिसिओ गुस्मान याचा, तिथल्या १९७३ च्या लष्करी उठावावरचा माहितीपट ‘द बॅटल ऑफ चिली’ बघा आणि बघताना कॅमेऱ्याकडे लक्ष ठेवा. कॅमेऱ्यावर होर्हे म्युलर सिल्वा होता, विशीतला पोरगा. चिलीत तेव्हा कच्ची फिल्म मिळत नव्हती, ती फ्रान्सहून तिथला दिग्दर्शक क्रिस मार्कर याने पाठवली. सोळा एमएमचा चारशे फुटांचा रोल जेमतेम अकरा मिनिटं चालतो, त्यामुळे उगाच कॅमेरा चालू ठेवणं परवडणारं नव्हतं. व्ह्यूफाइंडरला डोळा लावला की बाजूचं दिसत नाही, म्हणून गुस्मान म्युलरला खेटून उभा राहायचा आणि आता इकडे वळ, आता वर जा, असं सांगत राहायचा. पण सांगणं आणि करणं यांच्यामध्ये जो क्षण असतो, तो म्युलरचा.

त्यातला एक प्रसंग मी विद्यार्थ्यांना नेहमी दाखवतो. जुलै १९७३ मध्ये चिलीचे राष्ट्राध्यक्ष अय्येंदे यांचे नौदलातले सहायक आर्तुरो अराया यांचा खून झाला. अंत्यविधीला सैन्यातले बडे अधिकारी जमलेत. म्युलरचा कॅमेरा शवपेटीवर रेंगाळत नाही. तो या अधिकाऱ्यांच्या चेहऱ्यांवरून, पदकांवरून, हातांवरून सावकाश सरकत जातो. कोण कोणाच्या कानाशी लागलंय, कोणाची नजर कुठे आहे, हे आपण बघत बसतो. पुढे ११ सप्टेंबरला लष्कराने सत्ता बळकावली. हा प्रसंग त्याआधी जेमतेम दीड महिना टिपलेला आहे. निवेदनाची दहा वाक्यं जे सांगू शकली नसती, ते एका माणसाच्या कुतूहलाने टिपून ठेवलं.

याच चित्रपटात लिओनार्दो हेन्रिकसेनचं फुटेज आहे. तो अर्जेंटिनाचा, स्वीडिश टीव्हीसाठी काम करणारा कॅमेरामन. २९ जून १९७३ ला चिलीची राजधानी सांतियागोत लष्करी उठावाचा पहिला प्रयत्न झाला, तेव्हा एक सैनिक थेट त्याच्यावर नेम धरतो, गोळी झाडतो आणि फ्रेम डळमळून कलंडते. या फुटेजला शौर्यकथा म्हणून मिरवणं मला आवडत नाही. तो पुरावा आहे. कोणत्या गणवेशातल्या माणसाने नि:शस्त्र माणसावर गोळी झाडली, याचा.

सप्टेंबरच्या उठावानंतर रीळं स्वीडिश दूतावासाच्या मदतीने देशाबाहेर गेली आणि क्यूबात संकलन झालं. गुस्मान दोन आठवडे लष्कराने कैदखाना केलेल्या स्टेडियममध्ये काढून सुटला. म्युलर मात्र चिलीतच राहिला. २९ नोव्हेंबर १९७४ ला गुप्त पोलिसांनी त्याला आणि त्याची जोडीदार कार्मेन बुएनो हिला रस्त्यातून उचललं. दोघं परत आली नाहीत. चित्रपट त्यालाच अर्पण केलेला आहे आणि चिलीत आता २९ नोव्हेंबर हा चित्रपट दिन मानतात. आपल्याकडे मात्र या चित्रपटावर तासभर बोलणारी माणसंही म्युलरचं नाव घेत नाहीत.

कॅमेऱ्यासमोरच्या माणसांचं काय, हा प्रश्न आपल्या माहितीपटांनीही विचारलाय. आनंद पटवर्धनांच्या ‘हमारा शहर’मध्ये, ज्याच्या छायालेखकांत रंजन पालित होते, झोपडं गमावलेली एक बाई शूट करणाऱ्यांनाच झापते: गरिबांचे फोटो काढून तुम्ही नाव कमावणार, आमच्या हाती काय येणार? ते बोलणं कापलेलं नाही. तेव्हा कॅमेरा खाली गेला नाही आणि बाईला गप्पही केलं नाही, हे मला मोठं वाटतं. अमेरिकन छायालेखिका कर्स्टन जॉन्सनने दुसऱ्यांच्या माहितीपटांसाठी वर्षानुवर्षं शूट केलेल्या तुकड्यांतून २०१६ मध्ये ‘कॅमेरापर्सन’ केला. त्यात ती फ्रेममध्ये आडवं येणारं गवत उपटताना दिसते, तिची शिंक ऐकू येते. नायजेरियातल्या एका प्रसूतिगृहात श्वासासाठी झगडणारं बाळ आहे आणि कॅमेरा सुरूच आहे. मी असतो तर बंद केला असता का? मला खरंच सांगता येत नाही, पण हा निर्णय त्या खोलीत दिग्दर्शकापेक्षाही तिच्यावर येऊन पडलेला होता.

आणि आता तर हा निर्णय फारच जड झालाय. पूर्वी फुटेज जप्त झालं, तर कोणाला तरी बसून ते बघावं लागायचं. आता यंत्र गर्दीतून चेहरे वेचून काढतं. संपावरच्या बाईने आज आनंदाने परवानगी दिली, म्हणून दोन वर्षांनी तिची नोकरी वाचेलच असं नाही. चेहरे नंतर धूसर करू, हे मला पटत नाही, कारण मूळ फुटेज मेमरी कार्डावर तसंच राहतं. म्हणून धोका दिसला की मी हात शूट करतो, पाठी शूट करतो, उजेडाकडे तोंड करून उभा राहतो म्हणजे समोरचा नुसता आकार उरतो. कार्डाच्या दोन प्रती त्याच रात्री दोन वेगळ्या माणसांकडे जातात. कधी कधी कॅमेरा बंद करतो आणि दिग्दर्शक चिडतात.

चिडू देत. या क्षेत्रात येणाऱ्या मुलामुलींना मी एवढंच सांगतो की करारात दोन कलमं मागून घ्या. शूटवरून पोलीस ठाण्यात जावं लागलं तर वकिलाचा खर्च निर्मात्याचा आणि कॅमेरा थांबवण्याचा हक्क तुमचा. विम्याचं, मानधनाचं नंतर बघता येईल. ही दोन कलमं द्यायला जो निर्माता कां-कूं करतो, त्याच्या कागदावर सही करू नका, विषय कितीही पोटतिडकीचा असो.