खिडकीसमोर उभं राहून भरलेले १८८ रुपये ८० पैसे

सकाळपासून डोकं तापलंय, म्हणून लिहायला बसले. पोस्ट लांब होणार आहे. कुकर लावून आलेल्यांनी आधी गॅस बंद करून यावं.

पुढच्या महिन्यात आईला ऐंशी पूर्ण होतायत. साडी नको, कपाटं भरलीत. सोनं नको, लॉकरला जायचा कंटाळा. हॉटेलात न्यावं तर 'एवढ्या पैशात घरी पंचवीस माणसं जेवली असती' हे ऐकत सूप प्यावं लागतं. तिला गाणं हवं असतं. आणि नेमका घराजवळच्या नाट्यगृहात नाट्यसंगीताचा कार्यक्रम लागलाय. तिकीट ५०० रुपये. आई, मावशी, मी आणि हे. पाचशे चोक दोन हजार. इथवर सगळं छान.

सकाळी चहा घेता घेता अ‍ॅप उघडलं. खुर्च्या निवडल्या, नाव टाकलं, मोबाइल नंबर टाकला, ओटीपी आला, ईमेल टाकला, पुढे, पुढे, पुढे, आणि शेवटच्या पानावर आकडा आला २१८९ रुपये ८० पैसे. मला वाटलं चष्म्याचा नंबर वाढला. मग आकड्याशेजारी एक मुंगीएवढा बाण दिसला. तो दाबल्यावर हिशेब उघडला. कन्व्हिनियन्स फी दर तिकिटाला ४० रुपये, म्हणजे १६०. त्यावर १८ टक्के जीएसटी, २८ रुपये ८० पैसे. आणि वर १ रुपया कुठल्याशा सत्कार्याला, टिक त्यांनीच करून ठेवलेली.

तो रुपया मी काढला. सत्कार्याशी माझं भांडण नाही, पण माझ्या पर्समध्ये हात घालून माझ्या नावावर पुण्य कसलं जमा करता? बाकीचे १८८ रुपये ८० पैसे मात्र काही केल्या हलेनात. मग मी अ‍ॅप बंद केलं, पायात चपला सरकवल्या आणि रिक्षा केली. मागून हे विचारत होते, "अगं, पण रिक्षाला किती होतील?" मी उत्तर दिलं नाही. तत्त्वाचा प्रश्न होता.

नाट्यगृहाची बुकिंगची खिडकी उघडी होती. आत माणूस होता. पन्नाशीचा, शब्दकोडं सोडवत बसलेला. मी म्हटलं, "चार द्या." तो म्हणाला, "ताई, हा कार्यक्रम फक्त ऑनलाइन आहे. तो काचेवरचा कोड स्कॅन करा." खिडकीच्या काचेवर खरंच एक क्यूआर कोड चिकटवलेला होता, एक कोपरा उचकटलेला. मी म्हटलं, "अहो, मग तुम्ही इथे कशाला बसलाय?" तो शांतपणे म्हणाला, "बाकीच्या कार्यक्रमांना."

आणि मग मी काय केलं? त्या खिडकीसमोर उभं राहून, त्या माणसाच्या डोळ्यांदेखत, फोनवर तीच चार तिकिटं काढली आणि १८८ रुपये ८० पैसे भरले. खिडकीवर यावं लागू नये या सुविधेचे पैसे, खिडकीवर येऊन!

मी ३१ वर्षं बँकेत खिडकीच्या आतल्या बाजूला काढली आहेत. कोणी डिमांड ड्राफ्ट काढायला आला की कमिशन घ्यायचो. लोक कुरकुर करायचे, पण पाटीवर 'कमिशन' असंच लिहिलेलं असायचं. 'ग्राहक आनंद शुल्क' असं लिहायची आमच्या मॅनेजरची हिंमत झाली नसती. या लोकांनी सरळ 'दलाली' लिहावं. मी बिनातक्रार भरीन. म्हणजे तक्रार करीन, पण भरीन. सुविधा म्हणू नका फक्त. कुणाची सुविधा? खिडकीवर सुट्टे मोजायचे नाहीत, प्लॅनवर पेन्सिलीने फुल्या मारायच्या नाहीत, रात्री हिशेब जुळवायचा नाही. सगळं काम मीच केलं. नाव मी टाइप केलं, खुर्ची मी निवडली, पैसे मी पाठवले. आणि मजुरीही मीच दिली.

आणि दर तिकिटाला का? चार खुर्च्या निवडायला मी चारदा ओटीपी टाकला का? त्यांचा सर्व्हर चौपट दमला का? रेल्वेला आपण ऊठसूट नावं ठेवतो, पण रेल्वेच्या ऑनलाइन तिकिटाला ही फी पूर्ण तिकिटामागे एकदाच लागते. साध्या डब्याला १५ रुपये, एसीला ३०, यूपीआयने भरलं तर १० आणि २०, वर जीएसटी. एका तिकिटावर चार माणसं असोत की सहा, फी तेवढीच. नोटबंदीनंतर तर तीही माफ केली होती, सप्टेंबर २०१९ पासून परत आली. म्हणजे अख्खं खटलं पुण्याहून नागपूरला जातं त्याला एक फी, आणि आम्ही चार म्हातारे-कोतारे दोन अंक गाणं ऐकायला जाणार तर चार फिया. ('फिया' हा शब्द नसेल मराठीत, तर आजपासून आहे.)

बरं, पेमेंटचा खर्च म्हणावा तर मी यूपीआयने भरलं. जानेवारी २०२० पासून यूपीआयवर दुकानदाराकडून बँकेला शुल्क मिळत नाही, आमच्या बँकेत त्यावर केवढी रडारड चालायची हे मी कानांनी ऐकलंय. आणि जीएसटीची गंमत तर ऐकाच. नाटकाच्या, गाण्याच्या ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर सरकार जीएसटी घेत नाही. का, तर कला सामान्य माणसाच्या आवाक्यात राहावी. पण ते तिकीट फोनवर दिसायच्या सुविधेला मात्र १८ टक्के. कला करमुक्त, दलाली करपात्र. असो.

मघाशी चिडून वहिनींना फोन केला तर त्या म्हणाल्या, "कोर्टात जा." कोर्टात लोक जाऊन आलेत. राज्य सरकारने २०१३ आणि २०१४ मध्ये आदेश काढले होते, की सिनेमाच्या ऑनलाइन तिकिटावर सुविधा शुल्क घ्यायचं नाही. मल्टिप्लेक्सवाले आणि अ‍ॅपवाले हायकोर्टात गेले, आणि जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते आदेश रद्द केले. कोर्ट म्हणालं, असा आदेश काढायला कायद्याचा आधारच नव्हता. आणि ऑनलाइन काढायचं की थिएटरवर जाऊन, हे ठरवायला ग्राहक मोकळा आहे. वकील मित्रहो, ते सिनेमाचं प्रकरण होतं, नाट्यगृहाचं नव्हे, मला कळतं, अंगावर येऊ नका. पण 'ग्राहक मोकळा आहे' यातला मोकळा ग्राहक मीच ना? सकाळी मी मोकळीच होते. चपला घालून गेले होते. खिडकीही होती, माणूसही होता. फक्त तिकीट नव्हतं.

शेवटच्या पानापर्यंत खरी किंमत लपवायची आणि न विचारता दानधर्म चिकटवायचा, या दोन्ही युक्त्या केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्येच फसव्यांच्या यादीत घातल्या आहेत. यादीत तेरा प्रकार आहेत. सकाळच्या एका चहात माझे दोन झाले.

आता दुसरी बाजू. लेकीने दुपारी फोनवर ऐकवलीच. "आई, चार माणसांत १८८ म्हणजे माणशी एक कटिंग आणि वडापाव. तू रिक्षाला किती दिलेस?" (जाऊन-येऊन १३०. यांनी तिला आधीच कळवलं होतं. घरात हेर आहेत.) "आणि नाशिकच्या आत्याने आजोबांना नाटकाची तिकिटं काढून दिली होती ती काय खिडकीवर येऊन?"

बरोबर आहे. नाशिकहून येता येत नाही. नोकरी करणाऱ्या बाईला सकाळी साडेआठला रांगेत उभं राहता येत नाही, पायाने अधू माणसाला तर नाहीच. त्यांना ही खरी सुविधा आहे आणि त्यांनी खुशाल पैसे द्यावेत. झालं, दिली कबुली.

पण रांग वाचते हे मला सांगू नका. हीच आमची लेक २२ सप्टेंबर २०२४ ला, रविवारी, कोल्डप्लेच्या तिकिटांसाठी दोन फोन आणि एक लॅपटॉप मांडून बसली होती. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कार्यक्रम होता, जानेवारीत. स्क्रीनवर तिचा नंबर होता काही लाखांत. लाखांत! अंघोळ नाही, जेवण नाही, ताटली मी हातात नेऊन दिली. संध्याकाळी तिकीट नाहीच. आमच्या वेळी निदान रांगेत पुढच्या माणसाची मान दिसायची, तो पुढे सरकला की आपण सरकायचो, मागच्याला 'जरा धरून ठेवा हं' सांगून चहा पिऊन यायचो. हिच्या रांगेत ती एकटीच होती.

आईचं आठवलं की मात्र माझा राग जरा उतरतो. आईने पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव ऐकलाय तो रमणबागेत. भीमसेनजींनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये सुरू केलेला तो महोत्सव, तेव्हा गाणं रात्रभर चालायचं. बाबा ओळखीच्या दुकानातून सीझन तिकिटं आणायचे, भारतीय बैठकीची. तेवढीच परवडायची. आई शाल, स्वेटर, थर्मास, मेथीचे ठेपले आणि मला घेऊन सतरंजीवर जागा धरायची. मी निम्मा वेळ तिच्या मांडीवर झोपलेली असायचे. पहाटे थंडीत दोघं मला उचलून घरी आणायचे. त्या तिकिटाचे किती पैसे दिले हे आई आजही सांगेल, रुपया-आण्यासकट. महोत्सव २०१८ पासून मुकुंदनगरला गेला, तेव्हापासून आई गेलेली नाही. लांब पडतं म्हणते. खरं कारण गुडघा आहे.

तो डावा गुडघा. त्याच्यावरूनच तर सकाळची उरलेली गोष्ट सांगायची राहिली.

खिडकीसमोर उभी राहून मी फोनवर खुर्च्या निवडत होते. आईला कडेची खुर्ची लागते, पाय बाहेर काढून बसायला. अ‍ॅपवर हिरवे चौकोन होते, मी एफ रांगेतला टोकाचा चौकोन दाबला. आतला माणूस कोडं बाजूला ठेवून म्हणाला, "कोणासाठी घेताय?" म्हटलं, "आईसाठी. गुडघा दुखतो." "कुठला?" "डावा." तर म्हणाला, "मग ही बाजू नका घेऊ. चित्रात स्टेज खाली दाखवलंय, त्यामुळे उलटं दिसतं. इथे बसवलंत तर वाट उजव्या हाताला येईल, डावा पाय शेजारच्यांच्या पायात अडकेल. त्या टोकाची घ्या. आणि एफ नको, तिथे एसीचा झोत थेट डोक्यावर येतो. एच घ्या. एचला उतारही बरा आहे, पुढच्याचं डोकं मध्ये येत नाही."

काचेतून त्याने बोट दाखवलं, मी चौकोन दाबले. एच रांग, चार खुर्च्या. मग मी पैसे भरले. ते गेले कुठल्यातरी कंपनीच्या खात्यात, ज्यांना आईचा गुडघा डावा की उजवा हे माहीत नाही. आणि ज्याने खरी सुविधा पुरवली तो परत कोड्याकडे वळला. त्याच्यासाठी फी नाही, बाण नाही, जीएसटी तर नाहीच.

मी पर्समधून पन्नासाची नोट काढली तर त्याने हात जोडले. म्हणाला, "तेवढं नका करू. चार आडवे, 'जुना पैसा', दोन अक्षरं?" मी म्हटलं, "आणा." त्याने लिहिलं, बसलं.

हा माणूस त्या काचेमागे अजून किती वर्षं असेल, देव जाणे. पुढच्या वेळी जाईन तेव्हा खिडकीत पूर्ण काचभर क्यूआर कोड चिकटवलेला असेल, असं रिक्षात बसल्यावर वाटत राहिलं, आणि १३० रुपयांचं दुःख कमी झालं. संध्याकाळी यांनी हिशेबाच्या वहीत लिहिलं, 'तिकिटं २०००, दलाली १८८.८०, रिक्षा १३०, तत्त्व'. तत्त्वापुढचा रकाना त्यांनी रिकामा सोडलाय. मुद्दाम मला दिसेल अशी वही टेबलावर उघडी ठेवलीय.

आणि हो, आईला यातलं काही माहीत नाही, सरप्राइज आहे. ती फेसबुकवर आहे, पण 'आणखी पाहा' कधी दाबत नाही, म्हणून एवढं लिहायची हिंमत केली. कमेंटमध्ये कोणी तिला शुभेच्छा देऊ नका. मावशी, तुम्ही तर मुळीच नाही.