जॉन डॉडसनला पट्टा मिळाला, तो अडतिसाव्या वर्षी

बेअर-नकल बॉक्सिंगचा, म्हणजे ग्लोव्हजशिवाय उघड्या मुठींनी लढायच्या बॉक्सिंगचा, विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "यूएफसीतून काढलं की तिकडे जातात." यूएफसी म्हणजे एमएमएच्या, ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालणाऱ्या लढती भरवणारी अमेरिकन संस्था. तिथून आलेल्या जॉन डॉडसनबद्दलही लोक हेच म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही, म्हणून आज सविस्तर लिहितोय.

डॉडसन अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोमधल्या अल्बुकर्कीचा. उंची जेमतेम सव्वापाच फूट, डावखुरा, आणि जिंकला की आनंदाने कोलांट्या मारणारा. त्याचा वजनगट फ्लायवेट, म्हणजे 125 पौंड, साधारण 56.7 किलो. आपल्या खाशाबा जाधवांनी 1952 साली हेलसिंकीत कांस्य जिंकलं ते 57 किलो गटात, म्हणजे जवळपास याच वजनात. तरीही इतक्या लहान चणीच्या लढवय्यांकडे प्रेक्षक आणि आयोजक कायम दुय्यम म्हणून बघत आले. 2018 च्या अखेरीस यूएफसीने कितीतरी फ्लायवेट सोडून दिले, हा गटच बंद होणार अशी चर्चा होती.

आता 26 जानेवारी 2013, शिकागो. समोर यूएफसीचा फ्लायवेट चॅम्पियन डिमेट्रियस जॉन्सन, पणाला विजेतेपदाचा पट्टा. दुसऱ्या फेरीत डॉडसनच्या डाव्या हाताने जॉन्सनला खाली बसवलं. ती फेरी मी किती वेळा पाहिली असेल! पट्टा आता याचाच, असं प्रत्येक वेळी वाटतं. पण ती लढत पाच मिनिटांच्या पाच फेऱ्यांची होती. जॉन्सनने तिसऱ्या फेरीपासून त्याला धरायला, दमवायला सुरुवात केली आणि पाचव्या फेरीत मानेला विळखा घालून गुडघे मारले. तिन्ही पंचांनी कौल जॉन्सनला दिला. सप्टेंबर 2015 मध्ये लास वेगासला पुन्हा तीच जोडी आणि पुन्हा तोच निकाल. जॉन्सनने पुढे सलग 11 वेळा पट्टा राखण्याचा विक्रम केला, म्हणजे डॉडसन हरला तो कुणा ऐऱ्यागैऱ्याकडून नाही.

मग तो वरच्या, 135 पौंडांच्या गटात गेला. तिथे मार्लन मोराइस, जिमी रिव्हेरा, पीटर यान यांच्यासारख्या अंगाने मोठ्या माणसांशी लढला आणि बऱ्याचदा गुणांवर हरला. फेब्रुवारी 2020 मध्ये घराशेजारच्या रिओ रँचोत त्याने नॅथॅनियल वूडला तिसऱ्या फेरीत बाद केलं. ऑगस्टमध्ये मेराब द्वालिश्विलीने त्याला हरवलं आणि त्यानंतर यूएफसीने त्याला मोकळं केलं.

इथेच माझा मुद्दा येतो. बीकेएफसी या बेअर-नकल बॉक्सिंग भरवणाऱ्या संस्थेच्या लढतीत दोन मिनिटांच्या पाच फेऱ्या असतात. सगळी मिळून दहा मिनिटं. लाथ नाही, गुडघा नाही, उचलून आपटणं नाही. समोरासमोरच्या दोन रेषांवर पाय टेकवून सुरुवात करायची. मनगट आणि तळहाताला पट्टी असते, पण बोटांची पेरं उघडी. मोठ्या ग्लोव्हजच्या आड तोंड लपवता येतं, नुसत्या मुठींच्या मधून ठोसा सहज घुसतो. शिवाय कपाळाचं हाड हाताच्या हाडांपेक्षा कितीतरी मजबूत, त्यामुळे जोर लावून कुठेही मारलं तर स्वतःचाच हात मोडतो. अंतर ओळखणं, झटक्यात आत शिरून नेमका जबडा गाठणं, हेच इथे चालतं. शिकागोच्या त्या दुसऱ्या फेरीत डॉडसनने दुसरं काय केलं होतं? त्याला हरवणाऱ्या बऱ्याच गोष्टी या खेळाच्या नियमांत बसतच नाहीत. त्याला मी उतरण कशी म्हणू?

रक्त खूप येतं, हे खरं आहे. चामडी फाटते, टाके पडतात, हात मोडतात. माझ्या भाच्याने हा खेळ निवडला तर मी त्याला अडवेन, हेही मनापासून सांगतो. पण धोका आहे म्हणून त्यातलं कसब नाकारायचं, हे मला मान्य नाही. 2018 साली वायोमिंगमधल्या शायेन इथे सरकारी आयोगाच्या देखरेखीखाली हा खेळ उघडपणे परत आला, तेव्हापासून तिथे पंच आहेत, डॉक्टर आहेत, वजनकाटा आहे.

ऑगस्ट 2022 मध्ये डॉडसन अल्बुकर्कीत पहिल्यांदा उघड्या मुठींनी लढला आणि रायन बेनॉइटला पहिल्याच फेरीत बाद केलं. 31 डिसेंबरला जपानमध्ये सायतामाला जाऊन एमएमएच्या नियमांनी हिदेओ तोकोरोलाही पहिल्याच फेरीत संपवलं. आणि 17 फेब्रुवारी 2023 ला पुन्हा अल्बुकर्कीत, आपल्या लोकांसमोर, जॅरॉड ग्रँटला पहिल्या फेरीत आडवं करून तो बीकेएफसीचा फ्लायवेट चॅम्पियन झाला. शिकागोनंतर दहा वर्षांनी.

वेळ काढून शिकागोची दुसरी फेरी बघा आणि लगेच ग्रँटची लढत लावा. त्याच्या पायांकडे लक्ष ठेवा, तो आत कसा शिरतो ते बघा, आणि मग तो संपला होता का, ते मला कमेंटमध्ये सांगा.