निरंक कसे राहावे

पोळा झाला की आमच्याकडे दोन गोष्टी न चुकता येतात. एक ताप, आणि दुसरी म्हणजे तापाची चौकशी करणाऱ्या मॅडम. तापाचं एवढं काही नाही, तो दर साली येतो आणि जातो. बंदोबस्त करायचा तो मॅडमचा.

ओळखायला त्या सोप्या. बाटल लावत नाहीत, सुई देत नाहीत, नुसत्या विचारत बसतात. ताप कोणत्या वारी आला? निंदायला कोणत्या वावरात गेल्या होत्या? काखेत, कमरेला काळी खपली आहे का? ही खपली स्क्रब टायफसची. गवतातला डोळ्याला न दिसणारा किडा चावतो, तिथे उठते. 2018 च्या पावसाळ्यात नागपूरकडे या तापानं बरीच माणसं दगावली. पण तुम्ही तिकडे जाऊच नका. बाईमाणसाला काखेतलं विचारणं शोभतं का, एवढाच मुद्दा पारावर काढा. निम्मं काम तिथेच होतं.

उरलेल्या निम्म्यासाठी टायफाइड आहे. एकदाच केलेली विडाल, म्हणजे टायफाइडची रक्ततपासणी, आपल्या भागात जुन्या संसर्गानंही पॉझिटिव्ह येते, त्यामुळे टायफाइड कोणाचाही निघतो. डेंग्यूत प्लेटलेट घसरल्या तर 'पांढऱ्या पेशी कमी झाल्या' म्हणा आणि पपईच्या पानाचा रस पाजा. स्क्रब टायफसवर डॉक्सिसायक्लिनच्या स्वस्त गोळ्या चालतात म्हणे. पण स्वस्त गोळीनं बरं झालेल्या माणसाला आजारी होता असं कोण म्हणेल?

आता कागद. रोगांवर नजर ठेवण्याचा सरकारी कार्यक्रम 2004 पासून आहे. उपकेंद्रातल्या सिस्टरनं 'एस' फॉर्म भरायचा, डॉक्टरांनी 'पी', प्रयोगशाळेनं 'एल'. 2021 पासून हे सगळं ऑनलाइन. या सगळ्या कारभारातला सर्वांत सुंदर शब्द आहे 'निरंक', म्हणजे एकही पेशंट नाही. सिस्टरनं सात तापाचे पेशंट लिहिले, तर वरून फोन येतो, पथक येतं, पाण्याचे नमुने जातात, सरपंचाला उभं राहावं लागतं. निरंक लिहिलं तर कोणीच येत नाही. मॅडमचं म्हणणं असं, की शोधूनही काही न सापडलेलं निरंक आणि कोणी फिरकलंच नाही म्हणून आलेलं निरंक कागदावर सारखंच दिसतं. बरोबर आहे. तेच तर आपल्याला हवं आहे.

मलेरियाचंही तसंच. वर्षाला लोकसंख्येच्या दहा टक्के रक्तनमुने तपासायचे असा नियम आहे. तापलेल्या माणसाला शोधत कशाला फिरता? तो वावरात असतो. शाळेत जा, धडधाकट पोरांची बोटं टोचा. टक्के भरतात आणि परोपजीवीही सापडत नाही.

कोणाला हे अती वाटत असेल तर त्यानं चांदीपुऱ्याची गोष्ट ऐकावी. 1965 साली नागपूर भागात तापाची साथ होती, डेंग्यू आणि चिकुनगुनियाची. पुण्याच्या शास्त्रज्ञांनी रक्त नेलं. शोधायला गेले एक, निघालं तिसरंच. जगात कोणी न पाहिलेला विषाणू! त्याला नाव दिलं गावाचं. पुढे 2003 मध्ये आंध्रात याच विषाणूनं 183 लेकरं गेली, तेव्हाही छापून आलं ते आपल्याच गावाचं नाव. मातीच्या भिंतीच्या भेगांत राहणारी वाळूमाशी तो पसरवते. ती गावोगाव आहे, पण रक्त दिलं एकाच गावानं. (त्या रक्तामुळेच आंध्रातला रोग ओळखता आला, असं मॅडम म्हणाल्या. त्यांना प्रत्येक गोष्टीचं काहीतरी असतंच.)

म्हणून आमच्या सरपंचांनी बरोबर केलं. खुर्ची दिली, चहा दिला आणि हात जोडून म्हणाले, "आमच्या गावात कायीच नाई जी मॅडम. तुमी कायले शोधून रायल्या?" मॅडमची नजर त्यांच्या मागच्या कूलरवर. उन्हाळ्यापासून टाकी कोणी रिकामी केली नव्हती, अळ्या वळवळत होत्या. त्यांनी टाकी तिथेच आडवी केली. पाहुण्यांनी असं करायचं नसतं.

एवढं करूनही घरातला ताप चौथ्या दिवशी उतरला नाही, तर मात्र अंगावर काढू नका. सकाळची यष्टी पकडा, नागपूर गाठा. तिथे रक्त तपासतील, रोग निघेल, निघू द्या. फक्त केसपेपरवर गावाचा पत्ता सांगू नका. नोंद पत्त्याच्या मागे घरी येते. मानेवाड्याला भाचा राहतो ना, त्याचा द्या. चार दिवसांनी त्याच्या गल्लीत धुरळणीची गाडी येईल. भाच्याला आधी सांगून ठेवा, नाहीतर वाळवणं बाहेर राहतील.