‘कर नाही त्याला डर कशाला?’ : काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया काल रात्री शटर ओढल्यावर वाचली आणि सकाळी दुकान उघडल्यावर पुन्हा वाचली. तिखट आहे, पण तळमळीने लिहिली आहे. तिला दोन ओळींत ‘आभारी आहे’ म्हणून वाटेला लावणं मला पटत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

इतर वाचकांसाठी आधी थोडक्यात. मागच्या लेखात मी म्हटलं होतं की आपण विचारलेले प्रश्न सर्च इंजिन साठवतं, त्यांवरून आपली ओळख तयार करतं आणि त्या ओळखीवर पैसा मिळवतं, हे नीतीला धरून नाही. त्यावर काकांचं म्हणणं असं : दुकानदार गिऱ्हाईक ओळखतोच, आणि तुमच्या मेडिकलमध्येही बिल करताना मोबाईल नंबर विचारता. एवढी मोठी सेवा फुकट मिळते, तर कंपनीने खायचं काय? पुराचा इशारा, रस्त्यावरची गर्दी हे सगळं माहितीच्याच जोरावर कळतं. नको असेल त्याने इन्कॉग्निटो, म्हणजे ब्राउझरमधली ‘खासगी’ खिडकी वापरावी. कंपनी ‘माहिती विकते’ हे माझं वाक्य साफ चूक आहे. आणि शेवटी, ‘कर नाही त्याला डर कशाला?’

माझी चूक आधी कबूल करते. ‘विकते’ हा शब्द मी घाईत वापरला. गूगल तुमचं नाव, नंबर आणि शोधांची यादी उचलून जाहिरातदाराच्या हातात देत नाही. जाहिरातदार सांगतो की अमुक शब्द शोधणाऱ्याला किंवा अमुक प्रकारच्या माणसाला माझी जाहिरात दाखवा. मग त्या जागेचा लिलाव क्षणात होतो. माहिती कंपनीकडेच राहते, विकली जाते ती तुमच्यापर्यंत पोचण्याची वाट. इतर वेबसाइटवरच्या जाहिरातींचा लिलाव मात्र वेगळा चालतो. तिथे कुठलं पान उघडलंय, कुठला फोन आहे, साधारण कुठल्या भागातला आहे, ही माहिती बोली लावणाऱ्या अनेक कंपन्यांकडे एकाच वेळी जाते, आणि जो बोली हरतो त्यानेही ती पाहिलेली असते. तरीही तुमचा मुद्दा बरोबर आहे. लेखातलं ते वाक्य मी बदललं आहे.

आता एक सांगते, राग मानू नका. तुम्ही नाव न घालता लिहिलंत, तरी चौथ्या-पाचव्या ओळीला तुम्ही कोण हे माझ्या ध्यानात आलं. कुठली गल्ली, कुठली नोकरी, कुठली गोळी किती वर्षं चालू आहे, एवढ्या खुणा मला पुरल्या. म्हणून प्रतिक्रिया प्रसिद्ध करताना औषधाचं आणि घराच्या खुणेचं अशी दोन वाक्यं मी गाळली आहेत. बँकेत आयुष्य गेलं एवढं राहू दिलं. तेवढ्यावरून कोल्हापुरात कुणी सापडत नाही.

हेच अमेरिकेत २००६ साली फार मोठ्या प्रमाणावर घडलं. एओएल या इंटरनेट कंपनीने संशोधकांच्या सोयीसाठी म्हणून सुमारे साडेसहा लाख लोकांचे तीन महिन्यांतले जवळपास दोन कोटी शोध जाहीर केले. नावं काढली होती, त्या जागी आकडे घातले होते. काही दिवसांतच ‘न्यू यॉर्क टाइम्स’च्या बातमीदारांनी एका आकड्यामागची बाई शोधून काढली, जॉर्जिया राज्यातली ६२ वर्षांची एक विधवा. तिने शोधलं काय होतं? बोटं बधिर होणं, गावातले बागकामवाले, घरभर घाण करणारं कुत्रं. तिने काहीही वाईट केलं नव्हतं. नुसते प्रश्न विचारले होते.

मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त लागली. तिच्या यादीतली कित्येक दुखणी तिची नव्हतीच. मैत्रिणींच्या आजारांची माहिती ती काढून देत असे. काका, माझ्या काउंटरवर हे रोज घडतं. कॉलेजची पोरगी झोपेच्या गोळीची चिठ्ठी घेऊन येते, गोळी आजीची असते. तरणाताठा मुलगा इन्सुलिन नेतो, ते वडिलांचं असतं. मी चुकीचा अंदाज बांधला तर समोरचा माणूस तिथल्या तिथे म्हणतो, ‘अहो ताई, माझ्यासाठी नाही.’ यंत्राने चुकीचा अंदाज बांधला तर त्याला असं थांबवायचं कुणी? आपल्याबद्दल त्याने काय ठरवलंय हे बहुतेकांना ठाऊकही नसतं.

आता दुकानदार गिऱ्हाईक ओळखतो, या मुद्द्याकडे येते. ओळखतो, खरंच. माझ्याकडे एक रजिस्टर आहे. शेड्यूल एच-वनची औषधं, म्हणजे काही अँटिबायोटिक्स, टीबीची औषधं, चिंतेवरच्या आणि झोपेच्या काही गोळ्या, विकल्या की त्यात डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि किती दिलं हे लिहावं लागतं. २०१४ पासून हे बंधन आहे. रजिस्टर तीन वर्षं ठेवायचं आणि ड्रग इन्स्पेक्टरने मागितलं की दाखवायचं. लांबट, निळ्या पुठ्ठ्याची वही आहे. पानांचे कोपरे औषधाच्या धुळीने काळे झालेत. त्या वहीत या भागातल्या कितीतरी घरांची झोप, फुप्फुसं आणि काळज्या लिहिलेल्या आहेत.

पण तिच्याबद्दल सगळं ठरलेलं आहे. काय लिहायचं, कशासाठी, किती दिवस ठेवायचं आणि कोण बघणार. नाव लिहून घेताना मी समोरच्याला ते सांगूही शकते.

दोन वर्षांपूर्वी दुपारच्या वेळी एक गृहस्थ आले होते. नीटनेटके कपडे, गोड बोलणं. शुगरच्या पेशंटचे मोबाईल नंबर हवे होते. ‘औषधांची नावं नकोत मॅडम, नुसते नंबर द्या, दर नंबरामागे पैसे देतो.’ मी नाही म्हटलं. तर म्हणाले, ‘त्यांचं नुकसान काय होतंय? ऑफरच तर पाठवणार.’ या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा पटकन देता आलं नाही. आज देते. माझ्याकडे नंबर आला तो माझ्या दुकानातल्या कामापुरता. दुसऱ्या कामाला तो वापरायचा अधिकार मला कुणी दिलेलाच नाही, मग त्यात नुकसान होवो की फायदा.

माझं सगळं म्हणणं एवढंच आहे, काका. माणूस ज्या कामासाठी सांगतो त्याच कामासाठी ते वापरावं. ‘गुडघा दुखतो, काय करू’ असं कुणी विचारलं, तर त्या प्रश्नाचा उपयोग त्याचं उत्तर देण्यासाठी व्हावा. त्याच पानावर गुडघ्याच्या दवाखान्याची जाहिरात दिसली तर तेही मी समजू शकते, पेपरातही जाहिरात असते. पण तोच प्रश्न जपून ठेवायचा, कालच्या आणि परवाच्या प्रश्नांना जोडायचा, नकाशातल्या येण्याजाण्याशी जोडायचा आणि त्यातून एक माणूस उभा करायचा, हे त्याने कधी मागितलं होतं? गूगलने डबलक्लिक ही जाहिरात कंपनी घ्यायचं जाहीर केलं ते २००७ साली. तिच्याकडची लोकांच्या वेबसाइटवरच्या भटकंतीची माहिती गूगल खात्यातल्या माहितीपासून बरीच वर्षं वेगळी ठेवली जात होती. २०१६ मध्ये धोरण बदललं आणि दोन्ही जोडायची वाट मोकळी झाली. जुन्या खातेदारांना विचारलं गेलं, नव्या खात्यांना ते आपोआप लागू झालं. आपण फक्त ‘आय ॲग्री’ दाबत राहिलो.

तुम्हाला हे माझ्यापेक्षा जास्त कळायला हवं. राष्ट्रीयीकृत बँकांतल्या लोकांवर गुप्ततेचं बंधन १९७० च्या कायद्यानेच आहे, तसं लिहून द्यावं लागतं. तीस-पस्तीस वर्षं तुमच्या हाताखालून लेजर गेली. कुणाचं कर्ज थकलंय, कुणाच्या मुलीच्या लग्नाची एफडी मोडलीय, हे तुम्हाला पानावर दिसत होतं. त्यातलं किती तुम्ही घरी येऊन काकूंना सांगितलंत? माझी खात्री आहे, एक अक्षर नाही. आणि बँकेला तुमच्या त्या माहितीतून कमाई करता आली असती, तर ते तुम्हाला चाललं असतं का?

‘फुकट’ या मुद्द्यात मात्र तथ्य आहे आणि ते मी झटकून टाकत नाही. यंत्रणा चालवायला पैसा लागतो आणि तो जाहिरातीतून येतो. पण जाहिरातीवर चालणारं सर्च इंजिन वाचणाऱ्यापेक्षा जाहिरातदाराकडे झुकेल, हे १९९८ साली गूगलच्या दोन्ही संस्थापकांनी स्वतःच आपल्या शोधनिबंधात लिहिलं होतं. शब्दावर जाहिरात दाखवायला माणसाची कुंडली मांडावी लागत नाही. २००८ साली सुरू झालेलं डकडकगो हे सर्च इंजिन शोधाच्या शब्दावरच जाहिरात दाखवतं आणि टिकून आहे. म्हणजे दुसरा मार्ग आहे.

पुराचं म्हणाल, तर पावसाळ्यात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी मीही तासातासाला बघते. ३९ फुटांना इशारा आणि ४३ ला धोका, हे आकडे आपल्या पोरांनाही पाठ आहेत. २०१९ ला हायवे बंद पडला तेव्हा दुकानातलं इन्सुलिन किती दिवस पुरेल याचा हिशेब मी फ्रीजसमोर उभी राहून केला होता, माहितीची किंमत मला कळते. पण गूगलचा पुराचा इशारा, जो २०१८ साली पाटण्याकडे सुरू झाला, तो नदीची पातळी आणि हवामान यांच्या माहितीवर उभा आहे. त्याला माझे शोध लागत नाहीत. रस्त्यावरच्या गर्दीसाठी फोन लागतात, पण किती फोन हळू चाललेत एवढंच लागतं. कुणाचा फोन, हे लागत नाही.

इन्कॉग्निटोबद्दल बऱ्याच जणांचा तुमच्यासारखाच समज आहे. त्याने आपल्या फोनवर खुणा राहत नाहीत, घरातल्या दुसऱ्याला दिसत नाही, इतकंच. समोरच्या वेबसाइटला तुम्ही दिसताच. यावरच अमेरिकेत २०२० मध्ये गूगलवर खटला झाला आणि २०२४ च्या तडजोडीत अब्जावधी नोंदी नष्ट करायचं कंपनीने मान्य केलं.

आता ‘कर नाही त्याला डर कशाला’. ही म्हण चोराच्या बाबतीत ठीक आहे.

रात्री साडेनऊनंतर माझ्या दुकानात काही गिऱ्हाइकं येतात. गर्दी असेल तर बाहेर गाडीवरच थांबतात, पलीकडच्या पानपट्टीकडे बघत. शेवटचा माणूस गेला की आत येतात आणि आवाज खाली जातो. कुणाला प्रेग्नन्सी किट हवं असतं, कुणाला मूळव्याधीचं मलम, कुणाला मनाच्या डॉक्टरने लिहून दिलेल्या गोळ्या. आणि शेवटी बहुतेक जण एकच वाक्य बोलतात : ‘कागदात गुंडाळून द्या.’ पॅड नेणाऱ्या बायका तर दिवसाढवळ्याही हेच म्हणतात. यातल्या एकीनेही कुणाचं काही वाकडं केलेलं नाही. वीस वर्षांत मी कुणालाही ‘कर नाही तर कागद कशाला’ असं विचारलेलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, हीसुद्धा आपलीच म्हण आहे ना?

आणि जे माझ्यासमोर आवाज खाली करूनही विचारता येत नाही, ते लोक सर्चला विचारतात. मी सर्च इंजिनच्या विरोधात नाही, काका. उलट आपल्यासारख्या गावात, जिथे तालमीपासून भाजी मंडईपर्यंत सगळे सगळ्यांना ओळखतात, तिथे एखाद्या घाबरलेल्या पोरीला ओळख न देता प्रश्न विचारता येणं ही फार मोठी गोष्ट आहे. ते दार बंद होऊ नये म्हणूनच मी लिहिते. विचारलेलं कुठेतरी लिहिलं जातंय हे कळलं की माणूस विचारायचाच थांबतो, आणि मग चार दिवस उशिरा सीपीआरला, म्हणजे आपल्या सरकारी दवाखान्यात जातो. अमेरिकेत गुडआरएक्स नावाची औषधांवर सवलत देणारी कंपनी आहे. लोक कुठली औषधं बघतात ही माहिती तिने फेसबुक, गूगल आणि इतर जाहिरात कंपन्यांकडे जाऊ दिली, म्हणून तिथल्या व्यापार आयोगाने २०२३ मध्ये १५ लाख डॉलरचा दंड लावला. ती बातमी वाचून मी आमच्या निळ्या वहीकडे बघत बसले होते.

आपल्याकडे २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ ला वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा आला, नोव्हेंबर २०२५ ला त्याचे नियम आले, आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. सांगितलेल्या कामासाठी लागेल तेवढ्याच माहितीपुरती संमती धरायची, असं त्यात आहे. दंड २५० कोटींपर्यंत. सरकारला दिलेल्या सवलती मला खटकतात, त्यावर वेगळं लिहीन.

राहिला तुमचा सगळ्यात टोचणारा मुद्दा, माझ्या दुकानातल्या मोबाईल नंबरांचा. तो बरोबर आहे. सॉफ्टवेअरमध्ये रकाना होता म्हणून आम्ही विचारत गेलो, आणि ‘नंबर सांगा’ म्हटलं की लोक सांगत गेले. कशासाठी, हे ना त्यांनी विचारलं, ना आम्ही सांगितलं. काल रात्री यादी उघडली. बिलं कायद्याने ठेवावी लागतात, ती ठेवली. घरपोच जाणाऱ्यांचे आणि औषध आलं की कळवायला सांगितलेल्यांचे नंबर ठेवले. बाकीचे पुसायला घेतलेत. काउंटरवरच्या पोरांनाही सांगितलंय की रोख बिलाला नंबर विचारायचा नाही.

तुमचा नंबर पुसला आहे. या महिन्याच्या गोळ्या न्यायला याल तेव्हा, पुढच्या वेळी घरी पाठवायच्या असतील तरच तो पुन्हा द्या.