सुरू म्हणजे पाइन नव्हे

काशीद, गुहागरच्या किनाऱ्यावरच्या सुरूच्या बनांचे फोटो ‘कोकणातलं पाइनचं जंगल’ म्हणून फिरत आहेत. हे चूक आहे. सुरू हा फुलणारा वृक्ष आहे. त्याचं नातं आंब्या-वडाशी जवळचं, हिमालयातल्या चीड पाइनशी फार लांबचं.

फसगत होते ती ‘सुयां’मुळे. सुरूची हिरवी सुई दोन्ही टोकांना धरून हलकेच ओढा, सांध्यावर अलगद तुटते. कारण ते पान नाहीच, बारीक फांदी आहे. खरी पानं म्हणजे त्या सांध्याभोवती गोल बसलेले ६ ते ८ इवलेसे खवले. भिंगाखाली फार सुंदर दिसतात, जरूर बघा. चीडची सुई मात्र खरोखरच पान असते आणि ३-३ च्या जुडग्यात येते.

वाळूत सापडणारी खरखरीत बोंडंही पाइनचे शंकू नव्हेत. मादीफुलांच्या लालसर गोंड्यातून ती तयार होतात आणि बी पंखवाल्या फळात बंद असतं. पाइनचं बी शंकूच्या खवल्यावर उघडंच वाढतं.

शिवाय सुरूच्या मुळांवरच्या गाठींत फ्रँकिया हे जिवाणू हवेतला नायट्रोजन बांधतात, म्हणजे झाडाला वापरता येईल अशा रूपात आणतात, म्हणून तो निकस वाळूतही तग धरतो. फोटो पुढे पाठवताना कृपया ‘सुरूचं बन’ असंच लिहा.